पूर्वेकडे की पश्चिमेकडे?

शिक्षकाच्या विनोदाला वर्ग नेहमी हसतो. विनोद बरा असो वा वाईट, समोरची चाळीस मुले हसायला टपूनच बसलेली असतात. कारण हसण्यात जेवढा वेळ जाईल तेवढा धड्यातून कमी होतो. ही गोष्ट ध्यानात यायला मला बरीच वर्षे लागली. तोवर मी स्वतःला मोठा विनोदी मास्तर समजत होतो, आणि कथा-कादंबऱ्या लिहिण्याचे धाडसही त्या समजुतीतूनच झाले असावे.

२००७ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. चंदगड तालुक्यातले आमचे गाव. सातवीचा वर्ग, भूगोलाचा तास. बाहेर आमच्याकडचा तो न थांबणारा पाऊस कौलांवर ताशा बडवीत होता आणि मी त्याच्यावर आवाज चढवून पृथ्वीचे परिवलन शिकवीत होतो. आपले गाव विषुववृत्तापासून सोळा अंश उत्तरेला आहे; तेव्हा तुम्ही-आम्ही, ही शाळा, तो पिंपळ, सारे मिळून सेकंदाला सुमारे ४४७ मीटर, म्हणजे ताशी सोळाशे किलोमीटरच्या वेगाने पूर्वेकडे धावत आहोत, असे मी सांगितले. मुलांचे डोळे विस्फारले. मला समाधान वाटले. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक हात वर झाला.

त्या मुलाचे नाव येथे देत नाही. कारण पुढे येईलच. अंगाने किरकोळ, हजेरीत सत्ताविसावा, आणि बोलायला उठला की आधी सदऱ्याचे बटण चाचपायची सवय. तो म्हणाला, "गुरुजी, लांबचा नेम धरला, तर गोळी जाईस्तवर खालची जमीन सरकत न्हाई व्हय? मग नेम चुकत आसंल की."

आता खरे सांगायचे तर हा प्रश्न माझ्या टाचणवहीत नव्हता. शास्त्र या विषयाशी माझा संबंध मॅट्रिकबरोबरच सुटलेला. पण मास्तराला "ठाऊक नाही" असे म्हणायची सोय नसते, निदान तेव्हा मला तसे वाटे. मी आगगाडीचा दाखला दिला. धावत्या गाडीत चेंडू वर फेकला तर तो मागे पडत नाही, हातातच येतो. कारण चेंडूलाही गाडीचा वेग असतो. गोळीलाही पृथ्वीचा वेग असतो, हवाही पृथ्वीबरोबर फिरते. सबब नेम चुकत नाही. येथे मी थांबलो असतो तर निम्मे पाप वाचले असते. पण मुलगा बसेना. "खरं न्हवं गुरुजी, आमचा चुलता तोफखान्यात हाय, त्यो म्हनतोय..." असे काहीतरी तो पुटपुटला. तेव्हा मी म्हणालो, "असे कर. तू जागच्या जागी एक उडी मार. खालून जमीन निघून जाईल आणि तू थेट सावंतवाडीत जाऊन पडशील!"

सावंतवाडी आमच्या पश्चिमेला, घाटाखाली. विनोद भूगोलाला धरून होता. वर्ग हसला, इतका हसला की शेजारच्या वर्गावरचे गुरुजी दारात डोकावून गेले. मुलगा बटण चाचपीत खाली बसला. त्या दिवसापासून त्याचे नाव 'सावंतवाडी' पडले. त्या वर्षात त्याने पुन्हा हात वर केला नाही. अर्थात हे मी आज आठवून सांगतो. तेव्हा ते माझ्या लक्षातही आले नव्हते.

पुढे मी मुलांची सहल घेऊन पुण्याला गेलो. तेथे आयुका या संस्थेत फूकोचा लंबक टांगलेला आहे. लेऑं फूको या फ्रेंच गृहस्थाने १८५१ साली पॅरिसमध्ये सदुसष्ट मीटर लांबीच्या तारेला जड गोळा टांगून लोकांना बोलावले आणि पृथ्वी फिरते ती डोळ्यांनी दाखवली. लंबक आपल्या रेषेत झुलत राहतो, आणि पाहणाऱ्याच्या पायाखालची जमीन वळत असल्यामुळे त्याची रेषा हळूहळू सरकताना दिसते. मी त्या लंबकासमोर उभा होतो. पण मुले मोजण्यात, एकाची हरवलेली चप्पल शोधण्यात माझा वेळ गेला, आणि हा झुलणारा गोळा म्हणजेच त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर आहे, हे मला सुचले नाही.

२०२३ साली मी एक कादंबरी लिहायला घेतली. नायक मराठा पलटणीतला शिपाई. आमच्या भागात हा विषय शोधायला लांब जावे लागत नाही. बेळगावचे मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र हाकेच्या अंतरावर, घरटी नाही तरी आळीत एखादा फौजी असतोच. कादंबरीच्या मध्यावर लडाखमधल्या एका चौकीचा प्रसंग होता. दरीच्या पलीकडे हजार मीटरवर शत्रू. माझा नायक श्वास रोखतो, आईला आठवतो, चाप ओढतो. बंदुकीचा बार ऐकून शत्रू मान वळवतो, आणि नेमकी त्याच क्षणी गोळी त्याच्या कपाळात शिरते. हे लिहून झाल्यावर मी स्वतःच्या हाताने चहा करून घेतला होता, इतका मी खूश होतो.

फौजी तपशील कोणाकडून तरी तपासून घ्यावेत म्हणून विचारपूस केली, तर सुट्टीवर आलेला एक नाईक गावातच असल्याचे कळले. तो म्हणजे आमचा सत्ताविसावा. त्याने दारात वाकून नमस्कार केला. हस्तलिखित डोक्याला लावून घेतले आणि चार दिवसांनी परत आणून दिले. समासात जागोजागी बारीक अक्षरात दुरुस्त्या. बुटांबद्दल, चौकीतल्या शेगडीबद्दल, सुट्टीच्या अर्जाबद्दल. माझ्या लाडक्या पानावर बाराच्या आवाजाखाली रेघ मारून लिहिले होते : 'गोळी आधी पोचते. आवाज मागून.' खरेच आहे. हजार मीटर जायला गोळीला पावणेदोन सेकंद लागले, तर आवाजाला जवळजवळ तीन लागतात. माझ्या शत्रूने मान वळवली होती ती मेल्यानंतर!

आणि त्याच पानाच्या तळाशी पेन्सिलीने एवढेच : 'पूर्वेकडे की पश्चिमेकडे?'

मी विचारले, "हे काय?"

तो जरा घुटमळला. म्हणाला, "काय न्हाई गुरुजी, बारीक गोष्ट हाय. तुमचा शिपाई कुठल्या दिशेला मारतोय ते लिवलं न्हाई. त्यावर गोळी वर लागायची की खाली, ते ठरतंय." आणि मग त्याने मला, मी विचारत गेलो तसे, सारे समजावून सांगितले. मधून मधून "तुमाला ठावंच आसंल" असे म्हणत होता. मला काही ठाऊक नव्हते. पुढे मी पुस्तके आणून वाचली, हिशेब मांडले, दोनदा चुकले, तिसऱ्यांदा जमले. त्याने सांगितलेले अक्षर न् अक्षर बरोबर होते.

माझा आगगाडीचा दाखला खोटा नव्हता, अपुरा होता. सरळ रुळावरून एकाच वेगाने जाणाऱ्या गाडीत चेंडू हातात येतो. पण पृथ्वी ही आगगाडी नव्हे, जत्रेतले फिरते चक्र आहे. चक्रावर समोरासमोर बसलेल्या दोघांनी चेंडू टाकून पाहावा. टाकणाऱ्याने नेम कितीही सरळ धरला तरी चेंडू जाईपर्यंत समोरचा गडी वळून गेलेला असतो. चेंडू आपला सरळच जातो. पण चक्रावर बसलेल्याला तो बाजूला वळल्यासारखा दिसतो. पृथ्वीचे चक्र चोवीस तासांत एकदा फिरते, म्हणून हे वळण फार थोडे. पण असते. उत्तर गोलार्धात ते नेहमी उजवीकडे असते, मग गोळी कोणत्याही दिशेला मारा. दक्षिण गोलार्धात डावीकडे.

अक्षांश बदलला की त्याचे मापही बदलते. ध्रुवावर पायाखालची जमीन जात्यासारखी जागच्या जागी फिरते, म्हणून तेथे वळण पुरते. विषुववृत्तावर जमीन जात्यासारखी फिरत नाही, गाडीच्या चाकासारखी पुढे कलंडत जाते. तेथे उजवे-डावे वळण शून्य. आमचे गाव सोळा अंशांवर, म्हणून आमच्या वाट्याला ध्रुवाच्या चौथ्या हिश्शाहून थोडे जास्त येते. हजार मीटरवर सुमारे साडेतीन सेंटीमीटर. दोन बोटे म्हणा.

पण खरी गंमत पुढे आहे, आणि नाईकाची पेन्सिल तिच्याकडेच बोट दाखवीत होती. पूर्वेकडे मारलेली गोळी पृथ्वी धावते त्याच दिशेने धावते. गोफण जास्त वेगाने फिरवली की दगड बाहेर अधिक ओढ घेतो, तशी त्या गोळीची बाहेरची ओढ वाढते आणि तिचे वजन किंचित कमी भरते. ती कमी पडते, म्हणजे नेमाच्या वर लागते. पश्चिमेकडे मारलेली गोळी पृथ्वीच्या वेगातून आपला वेग वजा करते. ती जड भरते आणि खाली लागते. हा प्रकार विषुववृत्ताजवळ सर्वांत जास्त आणि ध्रुवावर शून्य, म्हणजे पहिल्याच्या नेमका उलट. आमच्या गावी हजार मीटरवर पूर्वेला सुमारे बारा सेंटीमीटर वर, पश्चिमेला तितकीच खाली. दोहोंत वीतभराचा फरक. आपल्या देशात पृथ्वी गोळीला बाजूला ढकलते त्याहून वर-खाली जास्त करते, हे मला त्या दिवशी कळले. माझ्या लडाखात, चौतीस अंशांवर, हवा विरळ असल्याने गोळी जरा लवकर पोचते. तेथे बाजूला सहा-सात आणि वर-खाली नऊ-दहा.

"वीतभर म्हणजे काय मोठेसे?" मी म्हणालो.

तो म्हणाला, "मानसाचं डोकं वीतभरच आसतंय, गुरुजी."

मग दोघेही जरा वेळ गप्प बसलो.

तोच पुढे म्हणाला की रायफलवाल्याला याची आठवण फार क्वचित काढावी लागते. आधी वारा. मध्यम वारा आडवा असला तर हजार मीटरवर गोळी दोन-अडीच मीटर सहज नेतो. त्याच्यापुढे पृथ्वी म्हणजे किस झाडकी पत्ती. नळीच्या आत पिळाच्या खाचा असतात, त्यांनी गोळी स्वतःभोवती फिरते, आणि त्या फिरण्यामुळेही ती वीतभर उजवीकडे जाते. वाऱ्याचा अंदाज ज्याला येत नाही त्याने पृथ्वीचा हिशेब करू नये. तोफेची गोष्ट निराळी. वीस किलोमीटर जायला गोळ्याला मिनिटभर लागले, तर आमच्या अक्षांशावर तो वीस-पंचवीस मीटर उजवीकडे आणि काश्मीरकडे पन्नासच्या आसपास सरकतो. म्हणून तोफखान्याच्या कोष्टकांत पृथ्वीच्या फिरण्याचा रकानाच असतो. १९१८ सालच्या मार्चमध्ये जर्मनांनी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास अंतरावरून पॅरिसवर तोफ डागली. तिचा गोळा तीन मिनिटे हवेत असे. तेवढ्यात पृथ्वी त्याला किलोमीटरभर बाजूला सोडून देत होती. त्या पोराचा चुलता तोफखान्यात होता. तो काय सांगत होता, हे मला सोळा वर्षांनी समजले.

२०२४ साली आमच्याच जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलीत ब्राँझपदक मिळवले, तेव्हा शाळेत साखर वाटली. मी तेव्हा नाईकाला फोनवर मुद्दाम विचारले, यांनाही पृथ्वी आड येते काय? तो हसला. पन्नास मीटरला गोळी सेकंदाच्या सहाव्या हिश्शाच्या आसपास पोचते. फरक अर्ध्या मिलिमीटरचाही नाही, आणि दहा गुणांचे वर्तुळ दहा मिलिमीटरचे. शिवाय रायफल त्याच मैदानावर त्याच दिशेला जुळवून घेतात, त्यात जो काही फरक असेल तो आपोआप जिरतो.

या सगळ्याला जे नाव दिले जाते ते गास्पार कोरिओलिस या फ्रेंच गणितज्ञाचे. त्याने १८३५ साली प्रबंध लिहिला तो फिरत्या यंत्रांबद्दल. तोफा-बंदुका त्याच्या ध्यानीमनीही नसाव्यात. वर-खाली होण्याचा प्रकार हंगेरीतल्या लोरांड ओट्वशने बोटींवरच्या मापांतून ओळखला आणि १९०८ साली काळ्या समुद्रात एक बोट पूर्वेला व एक पश्चिमेला सोडून पडताळून पाहिला. पण मला जास्त जवळचा वाटला तो रिचोली. इटलीतला हा धर्मगुरू. पृथ्वी फिरत असती तर उत्तरेकडे सोडलेला तोफगोळा बाजूला सरकला असता, असे त्याने १६५१ साली चोख मांडले. आणि तो सरकताना दिसत नाही, त्याअर्थी पृथ्वी फिरत नाही, असा निकाल दिला. बिचाऱ्याच्या तोफा पुरेशा लांब मारीत नव्हत्या. तरी तो माझ्याहून बरा. त्याने प्रश्नाला हसून उडवले नाही.

आणि माझा तो गाजलेला विनोद? तोही माझा नव्हता. आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये पृथ्वी फिरते असे सांगितले, तेव्हा वराहमिहिराने विचारले, मग पाखरे घरट्यात परत कशी येतात? पुढे लल्लाने त्यात भर घातली : वर सोडलेले बाण पश्चिमेला पडतील. पश्चिमेला! म्हणजे सावंतवाडीलाच. बाराशे वर्षांचा शिळा विनोद मी ताजा म्हणून वाढला होता.

गेल्या दिवाळीत तो पुन्हा सुट्टीवर आला. नरकचतुर्दशीच्या संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. अंगणात त्याच्या पहिलीतल्या मुलीने किल्ला केला होता. अळीवाचे कोंब नुकतेच वर आलेले, बुरुजावर मातीचे मावळे. कडेला जुने जाते होते. फराळाचे ताट पुढे आले. चकलीचे दोन तुकडे झाल्यावर मी म्हणालो, "सातवीत तू एक प्रश्न विचारला होतास. तुझे बरोबर होते. माझे चुकले."

तो लाजला. बटण चाचपू लागला. म्हणाला, "चालायचंच, गुरुजी. चार बोटांचा तर सवाल." मग हसून म्हणाला, "नाव मात्र पक्कं बसलं. आपल्या गावचा अजून एक पोरगा पलटणीत आला, त्यानं तिकडं पसरीवलं. सावंतवाडीची मानसं येत्यात, इचारत्यात, कुठल्या वाड्यातला तुम्ही? काय सांगू?"

मीही हसलो. तो थोडा थांबून म्हणाला, "इचारायचं सोडलं तेवढं खरं. कोर्समध्ये उस्ताद म्हनायचे, कुनाला शंका? आमी गप. मग रात्री पुस्तक घेऊन एकटाच बसायचो. उशीर लागला, पन कळलं."

यावर मी काय बोलणार? त्या दिवशी हसलेली चाळीस मुले आता मुंबईत, गोव्यात, बेळगावात पांगली आहेत. कोणाकोणाच्या घरी दिवाळी अंक जातो हे मला ठाऊक आहे. ही हकीकत मी कादंबरीत न घालता येथे लिहितो आहे, ती त्यांनी वाचावी म्हणून. कोण, ते त्यांना नाव न घेता कळेल.

मुलगी जवळ येऊन ऐकत होती. वडिलांनी तिला जाते फिरवायला सांगितले, उलटे, डावीकडून. ती खुंटा धरून हळूहळू फिरवू लागली आणि त्याने चिमटीत रांगोळी घेऊन मध्यापासून कडेपर्यंत हात अगदी सरळ नेत ती सोडली. जाते थांबले. पाळीवर रेघ उमटली होती ती सरळ नव्हती. उजवीकडे छान वाकली होती. पुन्हा केले, पुन्हा तशीच. मग सुलटे फिरवून पाहिले, तर डावीकडे. मी मॅट्रिकपासून जे पुस्तकात वाचत होतो ते जात्यावर पांढऱ्या रेघेने काढलेले पाहिले. आतून त्याच्या आईचा आवाज आला, जात्यावर रांगोळी कोन सांडतंय? आम्ही तिघेही गप्प झालो.

मुलीने रेघेकडे पाहिले, मग पिंपळाकडे. तेथे कावळ्यांची शाळा सुटली होती. ती मला म्हणाली, "गुर्जी, मग पाखरं परत घरट्यात कशी येत्यात?"

याचे उत्तर मला येत होते. नाईक माझ्याकडे पाहत होता. मी ताट बाजूला ठेवले, जात्याशी उकिडवा बसलो आणि तिला म्हटले, "ते जाते आणखी एकदा फिरव पाहू."